मोर्स कानात कसा मुरतो: ब्रुकव्हिलच्या तारघरातलं प्रकरण

मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, शिकायला बसलेला माणूस कुठे सोडून देतो, हे शिकवणाऱ्याला पाठ असतं. पहिल्या आठवड्यात सहसा कुणी सोडत नाही. तक्ता नवा असतो, स्वतःचं नाव टिंब-रेघांत लिहून पाहण्याची हौस असते. लोक गळतात ते मधेच. अक्षरं सगळी ओळखीची झालेली असतात, सराव रोज चाललेला असतो, पण वेग जागचा हलत नाही. आपल्याकडे हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या जनरल श्रेणीसाठी मिनिटाला 8 शब्दांनी मोर्स घेता (म्हणजे ऐकून लिहिता) आणि पाठवता यावा लागतो. त्या आकड्याच्या अलीकडेच बरेच जण महिनोन् महिने घुटमळतात, आणि "आपला कानच तसला नाही" असं म्हणून हेडफोन काढून ठेवतात.

कानाचा यात काही दोष नसतो, असं माझं ठाम मत आहे. या घुटमळण्याचा पहिला नीट अभ्यास अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्रुकव्हिल या छोट्या गावी, तारघरात बसून झाला. तो अभ्यास, त्याचं त्या वेळी दिलेलं स्पष्टीकरण आणि साठ वर्षांनी त्यावर घेतला गेलेला आक्षेप असं सगळं एकत्र पाहिलं, तर अडकलेल्या माणसाला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

तारघर

अभ्यास करणारे दोघे. विल्यम लो ब्रायन हे इंडियाना विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. पुढे 1902 ते 1937 अशी पस्तीस वर्षं ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते. दुसरे नोबल हार्टर. हे स्वतः रेल्वेत तारमास्तर म्हणून काम केलेले. या अभ्यासाचं निम्मं मोल हार्टर यांच्या या पूर्वायुष्यात आहे, असं मला वाटतं. नुसत्या प्रयोगशाळेतल्या माणसाला तारेवरची कडकट्ट म्हणजे एक गोंगाट. काय मोजायला हवं ते हार्टर यांना ठाऊक होतं, कारण ती वाट ते स्वतः चालून आले होते. दोघांचे दोन निबंध 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आले, पहिला 1897 मध्ये आणि दुसरा 1899 मध्ये.

ब्रुकव्हिलच्या तारघरात दोन विद्यार्थी काम शिकत होते, एक मुलगा आणि एक मुलगी. हार्टर दर आठवड्याला त्यांची परीक्षा घ्यायचे. मिनिटाला किती अक्षरं पाठवता येतात आणि किती नीट घेता येतात, एवढंच मोजायचं आणि आलेखावर ठिपका ठेवायचा. आठवड्यांमागून आठवडे हे चाललं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आज आपण ऐकतो तो मोर्स आणि ही दोघं ऐकत होती तो मोर्स यांत मोठा फरक आहे. रेडिओवरचा मोर्स म्हणजे सूर. सूर थोडा वेळ वाजला की डिट, जास्त वाजला की डा. तारघरात सूर नव्हताच. तिथे साउंडर असायचा: एक विद्युतचुंबक आणि त्यावर खाली-वर होणारा पितळी दांडा. तारेतून प्रवाह आला की दांडा खाली आपटून 'कट', प्रवाह थांबला की वर आपटून पुन्हा 'कट'. दोन्ही आवाजांत फरक अगदी थोडा. दोन आपटण्यांमधली शांतता आखूड असेल तर टिंब, लांब असेल तर रेघ. म्हणजे तारमास्तराचा कान आवाज ऐकत नव्हता, आवाजांमधली फट मोजत होता. साउंडरमागे पुढेपुढे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचून ठेवायची पद्धत पडली, म्हणजे खोलीत इतर यंत्रं वाजत असली तरी आपल्या यंत्राचा आवाज वेगळा उमटायचा.

त्यातही हा अमेरिकन मोर्स. आपण वापरतो ती आंतरराष्ट्रीय पद्धत युरोपात घडली. अमेरिकेच्या जमिनीवरच्या तारा जुन्याच पद्धतीवर राहिल्या. त्या पद्धतीत काही अक्षरांच्या पोटातच रिकामी जागा असे. टिंब-टिंब लागोपाठ आलं तर 'आय', तीच दोन टिंबं जरा अंतर ठेवून आली तर 'ओ', आणि अंतर आणखी वाढलं तर दोन वेगळी 'ई'. तीन अर्थ, आणि फरक फक्त मधल्या शांततेचा. हे कागदावर शिकून कानाला कळणं शक्यच नव्हतं.

गंमत म्हणजे सॅम्युएल मोर्स यांच्या मूळ कल्पनेत कानाला जागाच नव्हती. 1844 च्या मे महिन्यात वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली तेव्हा यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवत असे आणि माणूस त्या डोळ्यांनी वाचून अक्षरं लिहीत असे. पण यंत्राजवळ रोज बसणाऱ्या माणसांना पट्टीकडे न पाहताच, नुसत्या खटखटीवरून मजकूर कळू लागला. वरिष्ठांना सुरुवातीला ते पसंत नव्हतं, पट्टी हाच त्यांना पुरावा वाटे. पण कान जलद होता, आणि शेवटी पट्टी गेली, साउंडर राहिला. मोर्स ही ऐकायची भाषा झाली ती अशी, ती वापरणाऱ्या माणसांमुळे.

आलेखावर काय दिसलं

पाठवण्याची रेषा अपेक्षेप्रमाणेच गेली. आधी झपाट्याने वर, मग हळूहळू चढ कमी. हाताच्या कुठल्याही कसबाची रेषा अशीच असते. घेण्याची रेषा मात्र सुरुवातीपासून खाली राहिली, काही काळ बेताने चढली आणि मग आडवी झाली. आठवडे गेले तरी आडवीच. सराव तेवढाच, वेळ तेवढाच, पण प्रगती जवळजवळ नाही. आणि त्यानंतर, कुणी काही नवीन न शिकवता, ती एकदम वर चढू लागली. मधल्या त्या आडव्या भागाला पठार हे नाव पडलं आणि ते शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत कायमचं जाऊन बसलं.

ब्रायन आणि हार्टर यांनी त्या आलेखावर आणखी एक आडवी रेघ मारली होती. मुख्य तारमार्गावर जो सगळ्यात मंद वेग चालतो, त्याची ती रेघ. विद्यार्थ्याचं पठार या रेघेच्या थोडंसं खाली येत होतं. हे वाचताना मला नेहमी त्या शिकाऊ मुलांचा जीव दिसतो. मुख्य मार्गावर नवख्यासाठी कुणी वेग कमी करत नाही, तेव्हा रेघेच्या खाली आहात तोवर नोकरी नाही. रेघ दिसतेय, चार पावलांवर आहे, आणि पाय उचलत नाही. कितीतरी जण नेमके इथूनच परत फिरत, अशी नोंद निबंधात आहे.

दुसरी एक नोंद शिकणाऱ्यांच्या वागण्याची आहे आणि ती आजही जशीच्या तशी लागू पडते. विद्यार्थ्यांना पाठवायला आवडतं, घ्यायला आवडत नाही. पाठवणं हातात असतं, वेग आपण ठरवतो, चूक झाली तर आपणच दुरुस्त करतो. घेणं म्हणजे दुसऱ्याच्या वेगामागे फरफट आणि डोक्याला शीण. त्यामुळे मोकळं सोडलं तर विद्यार्थी भरपूर पाठवतात आणि थोडंच ऐकतात. आपल्याकडच्या कुठल्याही हॅम क्लबात बसा, नवी मोर्स-की (मोर्स पाठवायचा खटका) घेतलेला मुलगा काय करत असतो ते बघा. तो खटखटवत असतो. त्याला ऐकायला बसवणं हेच शिकवणाऱ्याचं खरं काम.

अनुभवी माणसांत मात्र चित्र उलटं होतं. हाताला मर्यादा असते. वर्षानुवर्षं मोर्स-की दाबून मनगट आखडण्याचा विकार तारमास्तरांत सर्रास होता, आणि त्यावर उतारा म्हणून 1904 मध्ये होरेस मार्टिन यांनी अर्धस्वयंचलित मोर्स-की आणली. कानाला तशी मर्यादा लवकर येत नाही. मुरलेला तारमास्तर कुणाच्याही हातापेक्षा जास्त वेगाने घेऊ शकत असे. सुरुवातीला खाली असलेली घेण्याची रेषा पुढे पाठवण्याच्या रेषेला ओलांडून जाते.

पाठवणाऱ्या हातांचाही अभ्यास त्यांनी केला. वेगवेगळ्या तारमास्तरांना एकच वाक्य पाठवायला दिलं, 'शिप 364 वॅगन्स व्हाया इअरी क्विक', आणि टिंब-रेघांच्या लांबीची मोजमापं घेतली. प्रत्येक हाताची धाटणी निराळी निघाली. तारेवरची माणसं एकमेकांना नाव न सांगता हातावरून ओळखत, याला आकड्यांचा आधार मिळाला. आजचे मोर्सवाले हेच 'फिस्ट' म्हणून ओळखतात.

पठारावर चाललेलं काम

1899 च्या निबंधातला प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या वेळी एका विद्यार्थ्याची दर आठवड्याला तीन प्रकारे परीक्षा घेतली. एकदा सुटी अक्षरं, ज्यांचे शब्द होत नाहीत. एकदा सुटे शब्द, ज्यांचं वाक्य होत नाही. आणि एकदा सलग अर्थाचा मजकूर. तीन रेषा निघाल्या. सुरुवातीला तिघी जवळजवळ होत्या. पुढे सुट्या अक्षरांची रेषा लवकर थकली, शब्दांची तिच्या वर गेली, आणि पठारानंतरची खरी उसळी दिसली ती सलग मजकुराच्या रेषेत.

याचा अर्थ दोघांनी असा लावला. नवशिका अक्षरं ऐकतो. त्याचं सगळं लक्ष त्यातच खर्च होतं. पठाराच्या काळात अक्षर ओळखणं आपोआप व्हायला लागतं, पण अजून इतकं आपोआप नाही की लक्ष शब्दाकडे वळवता यावं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं, आत मात्र लक्ष मोकळं होत असतं. ते पुरेसं मोकळं झालं की शब्दच्या शब्द एकदम ऐकू येऊ लागतात, नंतर वाक्याचे तुकडे. एका सवयीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी उतरंड रचली जाते. खालची सवय पक्की नसेल तर वरची उभी राहत नाही, आणि खालची कितीही पक्की केली तरी फक्त तिच्या जोरावर वेग येत नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं आहे. अक्षरं ऐकून ऐकून कुणी तारमास्तर झालेलं नाही.

'टी-एच-ई' हा इंग्रजीतला सगळ्यात वारंवार येणारा शब्द घ्या. डा, मग डि-डि-डि-डिट, मग डिट. नवख्याला यात सहा आवाज ऐकू येतात. थोड्या सरावाने तीन अक्षरं. मुरलेल्या कानाला एकच आकार ऐकू येतो, आणि तो कुठल्या अक्षरांचा आहे हे त्याला सांगावंही लागत नाही. तबल्याचा विद्यार्थी 'तिरकिट' असंच ऐकतो, त्यातले चार आघात तो वेगळे मोजायला गेला तर हात तिथेच अडकेल.

म्हणूनच मुरलेले तारमास्तर यंत्राच्या मागे राहून लिहीत. साउंडर पुढच्या शब्दांवर पोचलेला असे आणि यांची पेन्सिल सहा ते बारा शब्द मागे असे. नवशिक्याला हे अशक्य कोटीतलं वाटतं, कारण तो प्रत्येक अक्षर पडताक्षणी टिपायला धावतो. मागे राहण्यात फायदा असा की पुढचा शब्द ऐकल्यावर आधीच्या संदिग्ध शब्दाचा अर्थ लागतो. 'आय' होता की 'ओ' होता हा प्रश्न शब्द पुरा झाल्यावर आपोआप सुटतो.

आक्षेप

इतकं सुंदर स्पष्टीकरण असलं की ते कुणी तपासत नाही. पुढची अनेक दशकं मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ब्रायन-हार्टर यांचा आलेख पुन्हा पुन्हा छापला गेला आणि "शिकताना पठार येतंच" हा जणू नियमच झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला मोठ्या संख्येने मोर्सवाले हवे होते, तेव्हा कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रेड केलर यांनी शिकवण्याची एक वेगळी पद्धत बसवली. सिग्नल वाजतो, विद्यार्थी त्याला वाटेल ते अक्षर लिहितो, आणि लगेच आवाजात खरं उत्तर सांगितलं जातं. बरोबर की चूक हे त्या क्षणीच कळतं. केलर यांच्यापुढे मोर्स शिकणाऱ्यांची भरपूर आकडेवारी आली, आणि तिच्यात ते प्रसिद्ध पठार काही सापडेना. 1958 मध्ये त्यांनी यावर निबंधच लिहिला, आणि त्याच्या शीर्षकात पठाराला भूत ठरवलं. मुद्दा साधा होता: मूळ पुरावा अगदी थोड्या विद्यार्थ्यांचा आहे आणि नंतरच्या अभ्यासांत तो पुन्हा मिळत नाही.

मग खरं कोण? माझ्या मते ब्रायन आणि हार्टर यांनी जे पाहिलं ते त्या विद्यार्थ्यांपुरतं खरंच घडलं होतं, आणि केलर यांचा आक्षेपही बरोबर आहे. पठार हा शिकण्याचा नियम नाही, ते बरेचदा शिकण्याच्या रीतीतून तयार होतं. आणि तसं असेल तर ते टाळताही येतं, किंवा निदान आखूड करता येतं. अडकलेल्या माणसाला यापेक्षा चांगली बातमी कुठली?

रीत कुठे चुकते हे आकड्यांत दाखवता येतं. मोर्सचा वेग 'पॅरिस' या शब्दावर मोजतात. शब्दानंतरची मोकळी जागा धरून त्यात टिंबाच्या लांबीच्या 50 मात्रा होतात. रेघ तीन मात्रांची, अक्षरातल्या आवाजांमध्ये एक मात्रा मोकळी, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. आता 'क्यू' घ्या: डा-डा-डि-डा. एकूण 13 मात्रा. मिनिटाला 5 शब्दांच्या वेगात एक मात्रा 240 मिलिसेकंदांची, म्हणजे हे एकटं अक्षर तीन सेकंदांहून जास्त चालतं. तीन सेकंदांत माणूस काय करणार? मोजणार. "रेघ, रेघ, टिंब, रेघ" असं मनात म्हणून तक्ता डोळ्यांपुढे आणणार आणि त्यात शोधणार. त्याला ते जमतंही, आणि जमतं म्हणूनच ही वाट घातक आहे. मिनिटाला 20 शब्दांवर तेच अक्षर पाऊण सेकंदात संपतं. मोजायला, तक्ता आठवायला वेळच नाही. मंद वेगात पक्की केलेली मोजण्याची सवय इथे फुकट जाते आणि प्रत्येक अक्षर नव्याने, आकार म्हणून शिकावं लागतं. वेग वाढत नसतो तेव्हा अनेकदा हेच चाललेलं असतं: एक सवय मोडायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची.

जर्मनीत लुडविग कॉख यांनी 1930 च्या दशकात हेच हेरलं आणि सुरुवातच उलटी केली. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण अक्षरं फक्त दोन. दहांतली नऊ बरोबर येऊ लागली की तिसरं. आजच्या बऱ्याच सरावांत ही पहिली जोडी 'के' आणि 'एम' असते. फार्न्सवर्थ यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी रीत अक्षरं जलद वाजवते आणि त्यांच्यामधली मोकळी जागा वाढवते. विचार करायला वेळ मिळतो, पण अक्षर संपल्यानंतर. अक्षराच्या आत मोजायला फट उरत नाही. दोन्ही रीतींत तक्ता मधे येत नाही, कान आणि पेन्सिल यांच्यात थेट ओळख होते.

अडकलेल्या माणसापाशी

म्हणून कुणी माझ्याकडे येऊन "8 शब्दांच्या पुढे सरकत नाही" म्हणालं की मी आधी 1899 चीच परीक्षा घेतो. एकाच वेगाने तीन कागद: सुट्या अक्षरांचे गट, सुटे शब्द, सलग वाक्यं. तिन्हींत साधारण सारख्याच चुका झाल्या तर तो माणूस वाक्यातही अक्षरंच ऐकतो आहे, शब्द त्याच्या कानात अजून तयार झालेले नाहीत. त्याला आणखी अक्षरांचे गट देऊन काही होणार नाही. त्याला 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्या अशी हाक), 'क्यूटीएच' (ठिकाण), 'नेम', '599' (सिग्नल उत्तम), '73' (शुभेच्छा) असे रेडिओवर रोज भेटणारे तुकडे 18-20 च्या वेगाने, पेन्सिल खाली ठेवून ऐकवायचे. लिहायचं नाही, नुसतं म्हणायचं. सुट्या अक्षरांतच चुका जास्त असतील तर गोष्ट वेगळी. मग कुठली अक्षरं गळतात ते पाहायचं. 'एल' आणि 'एफ', किंवा 'वाय' आणि 'क्यू' यांची गल्लत होत असेल तर त्याच्या डोक्यात तक्ता अजून जिवंत आहे. कागदावर या जोड्या एकमेकांच्या सावल्या वाटतात, कानाला मात्र डि-डा-डि-डिट आणि डि-डि-डा-डिट यांचा ठेकाच वेगळा आहे. अशा माणसाचा वेग कमी करायचा मोह टाळायचा. अक्षराचा वेग वाढवायचा आणि फक्त मधली जागा रुंद करायची, आणि केलर यांच्याप्रमाणे उत्तर लगेच सांगायचं, पान संपल्यावर नाही.

आणखी एक सवय या दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना लावावी लागते. अक्षर निसटलं की तिथे आडवी रेघ मारून पुढे जायचं. एका हुकलेल्या अक्षरावर विचार करत थांबलेला माणूस पुढची तीन गमावतो, आणि मग त्याला वाटतं की आपल्याला चार अक्षरं येत नाहीत. प्रत्यक्षात एकच गेलेलं असतं. रेघा मारून पुढे जाणाऱ्याचा कागद सुरुवातीला भोकाभोकांचा दिसतो, पण शब्दाच्या उरलेल्या अक्षरांवरून तो भोकं भरू लागतो. पेन्सिल आवाजाच्या किंचित मागे पडायला लागते ती इथूनच.

तीच तीन कागदांची परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायची. एकूण वेग वाढला नसला तरी वाक्यांतल्या चुका सुट्या अक्षरांपेक्षा कमी झाल्या असतील, तर शब्द कानात तयार होऊ लागले आहेत, आणि तो आकडा विद्यार्थ्याला दाखवायचा. ब्रुकव्हिलच्या मुलांना त्या आडव्या रेषेखाली काय चाललंय ते दाखवणारं काही नव्हतं. आपल्याकडे ते आहे.